एका खेळाच्या दोन बखरी

१

बखरींवर राजवाड्यांचा किती रोष होता, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरकारांची अशी काही झडती घेतली, की अस्सल कागदाशी ताडून पाहिल्यावाचून बखरीतले विधान स्वीकारायचे नाही असा दंडकच पडला. पुढे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याच बखरी निराळ्या नजरेने वाचल्या. बखर खोटे सांगत असेल तर ते कोणासाठी सांगते? ती कोणाला मोठे करते आणि कोणाला गाळते? हे प्रश्न इतिहासाचे आहेत तितकेच टीकेचेही आहेत.

या प्रश्नांनिशी मी इथे दोन अमेरिकन पुस्तके वाचणार आहे. दोन्ही बेसबॉलच्या आरंभकाळाविषयी आहेत. एक १९०७ साली फिलाडेल्फियात निघाले, दुसरे १९११ साली न्यूयॉर्कमध्ये. पहिल्याचा कर्ता सॉल व्हाइट, दुसऱ्याचा अल्बर्ट स्पाल्डिंग. दोघेही खेळाडू, दोघांनीही संघ चालवले, दोघांनीही आपल्या डोळ्यांदेखत वाढलेल्या खेळाची हकीकत लिहिली. तरीही ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर ती एकाच खेळाविषयी आहेत यावर विश्वास बसू नये.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी दोन शब्द. नऊ-नऊ जणांचे दोन संघ, आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने तो दांडक्याने टोलवायचा आणि ठाणी घेत घेत मूळ जागी परत यायचे. परत आला की एक धाव. असे नऊ डाव. मूळ कल्पना इतकी साधी आहे की दांडू आणि चेंडू हाती लागलेल्या कोणत्याही मुलांना ती सुचावी. आणि नेमकी हीच गोष्ट स्पाल्डिंगला मान्य नव्हती.

२

अल्बर्ट गुडविल स्पाल्डिंग १८५० साली इलिनॉय राज्यात जन्मला. बोस्टनच्या संघाचा आणि नंतर शिकागोच्या संघाचा तो नामांकित पिचर, म्हणजे गोलंदाज. १८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली, त्याच वर्षी त्याने भावाबरोबर शिकागोत खेळाच्या साहित्याचे दुकान काढले. काही वर्षांत लीगचा अधिकृत चेंडू त्याच्या कंपनीचा झाला आणि खेळाची वार्षिक मार्गदर्शिकाही त्याच्याच नावाने निघू लागली. चेंडू त्याचा, बॅट त्याची, नियमांचे पुस्तकही त्याचे. इतिहास तेवढा राहिला होता.

१८८८-८९ साली त्याने खेळाडूंचे दोन संघ घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्तमधल्या पिरॅमिडांचा परिसर, इटली, फ्रान्स, इंग्लंड असा तो दौरा होता. परतल्यावर एप्रिल १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको उपाहारगृहात मेजवानी झाली. पाहुण्यांत मार्क ट्वेन होता. नॅशनल लीगचा माजी अध्यक्ष अब्राहम मिल्स याने भाषणात ठासून सांगितले की बेसबॉलचे मूळ अमेरिकेतच आहे. त्यावर जेवणाऱ्यांनी राउंडर्सच्या नावाने नकाराचा घोष केला. राउंडर्स हा इंग्लंडातल्या मुलांचा खेळ. बेसबॉल त्याच्यापासून निघाला असे म्हणणे त्या मंडळींना अपमानास्पद वाटत होते.

हे म्हणणारा मुख्य माणूस हेन्री चॅडविक. तो इंग्लंडातल्या एक्झिटर इथे १८२४ साली जन्मला आणि मुलगा असतानाच ब्रुकलिनला आला. वृत्तपत्रात बेसबॉलची बातमी कशी लिहावी, सामन्याचा तक्ता कसा मांडावा, खेळाडूची सरासरी कशी काढावी, हे अमेरिकेला त्याने शिकवले. गंमत अशी की स्पाल्डिंगच्या मार्गदर्शिकेचा संपादकही तोच होता. १९०३ साली त्या मार्गदर्शिकेतच त्याने राउंडर्सची वंशावळ पुन्हा मांडली. मालक आणि संपादक यांच्यातला हा वाद मिटवण्यासाठी स्पाल्डिंगने १९०५ साली सात जणांचा आयोग नेमवला. मिल्स त्याचा अध्यक्ष.

आयोगाची नेमणूक, त्याची रचना आणि त्याचा निष्कर्ष यांच्यात काय नाते असते, याविषयी आपल्या सीमाभागातल्या वाचकाला मी वेगळे काही सांगावे असे नाही. या आयोगात अल्फ्रेड रीच होता. त्याचा जन्म लंडनचा. जॉर्ज राइट होता. त्याचे वडील इंग्लंडातून आलेले व्यावसायिक क्रिकेटपटू. दोघांच्याही क्रीडासाहित्याच्या कंपन्या स्पाल्डिंगच्या कंपनीने आधीच विकत घेतल्या होत्या. खेळाचा विलायतेशी काही संबंध नाही, असे ठरवायला बसलेली मंडळी ही अशी.

त्या सुमारास डेन्व्हरच्या अॅब्नर ग्रेव्हज नावाच्या खाण-अभियंत्याचे पत्र ओहायोतल्या अॅक्रन गावच्या दैनिकात छापून आले. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी आपल्या लहानपणी अॅब्नर डबलडे याने हा खेळ शोधून काढला, असे त्याने लिहिले होते. ग्रेव्हज तेव्हा सत्तरीत होता. ज्या १८३९ सालाची ही गोष्ट पुढे रूढ झाली त्या साली तो पाच वर्षांचा होता. डबलडे हा यादवी युद्धातला सेनानी. खुद्द स्पाल्डिंगने आयोगाला कळवले की आपला राष्ट्रीय खेळ एका मेजर जनरलने शोधावा, ही गोष्ट अमेरिकन माणसाच्या अभिमानाला रुचणारी आहे. ३० डिसेंबर १९०७ रोजी मिल्सने निष्कर्षावर सही केली. कूपर्सटाउन, १८३९, डबलडे.

३

आपल्याकडे प्रत्येक क्षेत्राला स्थलपुराण असते. देव अमुक ठिकाणी प्रकटला, तमुक ऋषीने इथे तप केले. त्याला पुरावा कोणी मागत नाही, कारण पुराणाचे काम तीर्थ स्थापण्याचे आहे. कूपर्सटाउनचे माहात्म्य याच जातीचे आहे. फरक इतकाच की त्यावर एका आयोगाचा शिक्का बसला, आणि १९११ साली स्पाल्डिंगने आपल्या ‘अमेरिकाज नॅशनल गेम’ या पाचशेहून अधिक पानांच्या ग्रंथात त्याला इतिहासाची जागा दिली.

पुरावा काय सांगतो? १८३८ सालीच डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत दाखल झाला होता. त्याने युद्धाच्या आठवणी लिहिल्या, पुष्कळ लिखाण मागे ठेवले. आपण एखादा खेळ शोधला असे त्यात कुठे नाही. मिल्सची आणि त्याची चांगली ओळख होती. १८९३ साली डबलडे वारला तेव्हा त्याच्या लष्करी इतमामाच्या अंत्यविधीत मिल्सचा पुढाकार होता. इतक्या परिचयातही ही गोष्ट कधी निघाली नाही. डबलडेचा आपल्याकडच्या मंडळींशी एक दूरचा धागा आहे, तो मात्र खरा. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट थिऑसॉफिकल सोसायटी घेऊन मुंबईला निघाले आणि १८७९ च्या फेब्रुवारीत इथे उतरले, तेव्हा अमेरिकेतला कारभार त्यांनी या डबलडेवर सोपवला होता.

खेळ स्वतः कितीतरी जुना. १७४४ साली लंडनच्या जॉन न्यूबेरीने मुलांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तकात ‘बेस-बॉल’ नावानिशी आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दॅंगर अॅबी’ची नायिका तो खेळते. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावाने १७९१ साली नव्या सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्याच्या ऐंशी यार्डांच्या आत चेंडूचे खेळ खेळायला मनाई केली. त्या यादीतही बेसबॉल आहे. हा कागद जॉन थॉर्न या अभ्यासकाने २००४ साली उजेडात आणला. खिडकीच्या काचेपायी जो खेळ कायद्याच्या कागदात शिरला, त्याला जन्मदाता सेनानी कशाला हवा?

नियमांचा इतिहासही सरळ आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ च्या सप्टेंबरात नियम लिहून काढले. पळणाऱ्याला चेंडू फेकून मारण्याची जुनी रीत त्यांनी बंद केली. १९ जून १८४६ रोजी होबोकनच्या मैदानावर न्यूयॉर्क क्लबशी झालेल्या सामन्यात ही नियम करणारी मंडळी २३ विरुद्ध १ अशी हरली. नऊ डाव आणि ठाण्यांमधले नव्वद फूट अंतर १८५७ च्या परिषदेत ठरले. म्हणजे खेळ पुष्कळांनी घडवला, टप्प्याटप्प्याने घडवला. आणि त्या काळच्या अमेरिकेत क्रिकेटही जोरात होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा पहिला सामना इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा नव्हे. तो १८४४ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. स्पाल्डिंगच्या ग्रंथात मात्र क्रिकेट म्हणजे सभ्य माणसांचा सौम्य विरंगुळा आणि बेसबॉल म्हणजे युद्ध, अशी विभागणी आहे. शेजारी इतका मुरलेला दुसरा खेळ होता आणि पाहणारे-खेळणारे पुष्कळदा तेच होते, हे कबूल केले तर त्याच्या जन्मकथेचा पायाच ढासळतो.

४

इथवर वाचून कोणी स्पाल्डिंगचा ग्रंथ बाजूला सारील, तर ते बरोबर होणार नाही. लेखक म्हणून स्पाल्डिंग दोन प्रकारचा आहे. राष्ट्रगुणांची यादी देताना तो एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांच्या माळा ओवतो, धैर्य, उत्साह, दमदारपणा असे सारे गुण बेसबॉलच्या पदरात टाकतो. ही पाने आज वाचवत नाहीत. पण स्वतः पाहिलेले सांगू लागला की तो बदलतो.

१८७७ साली लुईव्हिल संघातल्या चौघांनी पैसे घेऊन सामने हरल्याचे उघडकीला आले. त्यांना लीगने कायमचे काढून टाकले. त्यांत जिम डेव्हलिन हा फार चांगला पिचर होता. पुढे एका दिवशी फाटक्या कपड्यांतला डेव्हलिन लीगचा अध्यक्ष विल्यम हल्बर्ट याच्या कचेरीत आला आणि गुडघे टेकून गयावया करू लागला. स्पाल्डिंग तिथे होता. हल्बर्टच्या डोळ्यांत पाणी आले, त्याने पन्नास डॉलरची नोट डेव्हलिनच्या हातावर ठेवली, आणि तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवता येणार नाही असे सांगून त्याला परत पाठवले. स्पाल्डिंगने हा प्रसंग फार चांगला लिहिला आहे. दया आणि नियम एकाच माणसात एकाच वेळी कसे राहतात, हे त्यात दिसते. कूपर्सटाउनची भाकडकथा लिहिणारा आणि हा प्रसंग लिहिणारा हात एकच, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच या ग्रंथातले मौन अधिक खटकते. बायकांनी पाहायला यावे, टाळ्या वाजवाव्यात, पण मैदानात उतरणे त्यांचे काम नव्हे, असे तो लिहितो. व्हासर महाविद्यालयात मुलींचे बेसबॉल क्लब १८६६ सालीच होते. आणि काळे खेळाडू? त्यांच्या संघांचा, त्यांच्या लीगचा, त्यांना घातलेल्या बंदीचा इतिहास या पाचशे पानांत नाही. ते स्पाल्डिंगला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्याच्या शिकागो संघाचा कप्तान अॅड्रियन अॅन्सन हा या बंदीच्या प्रकरणातले सर्वांत गाजलेले नाव आहे. जागतिक दौऱ्यात क्लॅरेन्स डुव्हाल नावाचा एक काळा मुलगा शुभशकुनाचे बाहुले म्हणून बरोबर नेला होता. अॅन्सनने १९०० साली लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख ज्या शब्दांनी केला आहे ते इथे देण्याजोगे नाहीत. संघाबरोबर काळ्या माणसाला जागा होती, ती नाचून दाखवण्यापुरती.

५

आता दुसरे पुस्तक. ‘सॉल व्हाइट्स ऑफिशियल बेस बॉल गाइड’, मुखपृष्ठावर ‘हिस्टरी ऑफ कलर्ड बेस बॉल’. पाने १२८. मध्ये मध्ये जाहिराती, खेळाडूंची छायाचित्रे, चेंडू कसा फेकावा यावर रूब फॉस्टरचे टिपण, टोलवावा कसा यावर ग्रँट जॉन्सनचे. मिल्सने आपल्या निष्कर्षावर सही केली त्याच वर्षी हे निघाले. मूळ प्रती आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. १९९५ साली जेरी मॅलॉय यांच्या प्रस्तावनेसह नेब्रास्का विद्यापीठाने ते पुन्हा छापले, तेव्हा ते सर्वसामान्य वाचकाच्या आवाक्यात आले.

व्हाइट १८६८ साली ओहायोतल्या बेलएअर गावी जन्मला. १८८७ साली तो व्हीलिंगच्या संघात खेळला. तो संघ गोऱ्यांचा होता. पुढच्या वर्षी तिथे त्याला जागा नव्हती. तिथून पुढे क्यूबन जायंट्स, यॉर्क आणि अखेर स्वतः उभ्या केलेल्या फिलाडेल्फिया जायंट्सचा कप्तान, असा त्याचा प्रवास. मधल्या काळात तो विल्बरफोर्स विद्यापीठात शिकला.

वाङ्मय म्हणून पाहिले तर हे पुस्तक रोडके आहे. संघांची नावे, सामन्यांचे निकाल, कोण कुठून कुठे गेला याची यादी. शैलीचा प्रयत्न फारसा नाही. पण मला ते स्पाल्डिंगच्या ग्रंथापेक्षा श्रेष्ठ वाटते, आणि त्याची कारणे टीकेच्या अंगाने सांगता येतात.

पहिले कारण आकडे. १९०६ सालच्या व्हाइटच्या हिशेबाने मोठ्या लीगमधल्या गोऱ्या खेळाडूची सरासरी वार्षिक कमाई २००० डॉलर, लहान लीगमधल्या गोऱ्याची ५७१, आणि काळ्या खेळाडूची ४६६. या तीन आकड्यांच्या भोवती तो विशेषणे रचत नाही. रात्री मुक्कामाला काळ्या संघाला हॉटेलात खोली मिळत नाही, हेही तो असेच सरळ सांगतो.

दुसरे कारण अस्सल कागद. १८८८ साली एका लीगने काळ्या खेळाडूंना बंदी घालायचे ठरवले, तेव्हा वेल्डी वॉकर या खेळाडूने लीगच्या अध्यक्षाला अनावृत पत्र लिहिले. व्हाइटने ते पत्र आपल्या पुस्तकात जसेच्या तसे छापले आहे. हा नियम ओहायोच्या कायद्याची थट्टा करतो, आणि खेळाडूला नाकारायचेच असेल तर वागणूक आणि बुद्धी ही कारणे असावीत, रंग नव्हे, असा वॉकरचा युक्तिवाद. वेल्डीचा थोरला भाऊ मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ साली टोलिडो संघातून सर्वोच्च पातळीवर खेळला होता. त्यानंतर ते दार बंद झाले. राजवाड्यांनी बखरीच्या पोटात एखादे अस्सल पत्र शोधले असते तर त्यांना जो आनंद झाला असता, तो व्हाइटचे ते पान वाचताना मला झाला.

तिसरे कारण भविष्याचा सूर. व्हाइट आपल्या खेळाडूंना सांगतो की हा धंदा गंभीरपणे करा, कारण प्रामाणिक मेहनतीने एक दिवस दोन्ही वर्णांचे लोक या खेळात बरोबरीने उभे राहतील. त्याच्या मते तो दिवस जवळ होता. तो चाळीस वर्षांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला तेव्हा आला. व्हाइट तेव्हा हयात होता.

६

मात्र व्हाइटलाही बखरकाराचे दोष चुकलेले नाहीत. स्पाल्डिंगला एक जन्मदाता हवा होता, तसा व्हाइटला एक खलनायक हवा होता. रंगबंदीचा दोष तो जवळजवळ सगळा अॅन्सनच्या माथी मारतो. अॅन्सनने १८८३ साली टोलिडोत वॉकरविरुद्ध खेळायला नकार दिला आणि मग मुकाट खेळला. १८८७ च्या जुलैत नेवार्कमध्ये जॉर्ज स्टोव्ही या काळ्या पिचरविरुद्ध उतरायला तो राजी नव्हता. हे खरे. पण त्याच १४ जुलैला इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी काळ्या खेळाडूंशी नवे करार न करण्याचा ठराव बहुमताने केला. त्याही आधी, १८६७ च्या डिसेंबरात, हौशी क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने एकही काळा सभासद असलेल्या क्लबला दार बंद केले होते. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या पिथियन क्लबला पेनसिल्व्हेनियाच्या परिषदेने प्रवेश नाकारला. पिथियनचा कप्तान ऑक्टेव्हियस कॅटो शिक्षक होता, मताधिकाराच्या चळवळीत होता. १८७१ साली निवडणुकीच्या दिवशी भर रस्त्यात त्याला गोळी घालून मारण्यात आले. इतक्या समित्यांनी, ठरावांनी आणि हातवर करण्यांनी बांधलेली भिंत एकट्या अॅन्सनच्या नावावर लावणे म्हणजे बाकीच्यांना सोडून देणे आहे.

क्यूबन जायंट्सच्या जन्माचेही तसेच. १८८५ साली लाँग आयलंडवरच्या आर्गाइल हॉटेलातल्या वाढप्यांनी फावल्या वेळात संघ उभा केला, असे व्हाइट सांगतो. पुढच्या अभ्यासकांना दिसले ते असे की त्यांतले अनेक जण आधीच फिलाडेल्फियाकडचे मुरलेले खेळाडू होते. जन्मकथेचा मोह त्यालाही आवरला नाही.

तरी दोघांच्या दोषांचे वजन सारखे नाही. व्हाइटची चूक त्याच्याच पुस्तकातल्या नावांवरून आणि सालांवरून तपासता येते. त्याने दुरुस्तीची साधने वाचकाच्या हाती ठेवली आहेत. स्पाल्डिंगच्या कथेत तपासायला काही ठेवलेलेच नाही. एक सेनानी, एक गाव, एक वर्ष, आणि त्याभोवती अभिमान.

या कथेने पुढे इमारतच उभी केली. १२ जून १९३९ रोजी कूपर्सटाउनमध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिराचे उद्घाटन झाले, शताब्दी म्हणून. त्याच वर्षी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतले ग्रंथपाल रॉबर्ट हेंडरसन यांनी डबलडेची कथा टिकत नाही हे दाखवले. त्यांचे सविस्तर पुस्तक १९४७ साली, म्हणजे रॉबिन्सन मैदानात उतरला त्याच वर्षी आले. कीर्तिमंदिराने डबलडेला आजवर सन्मानितांत घेतलेले नाही, पण गावही सोडलेले नाही. स्पाल्डिंग आणि अॅन्सन १९३९ सालीच आत गेले. सॉल व्हाइट २००६ साली. तो १९५५ साली वारला होता आणि स्टेटन आयलंडवरच्या त्याच्या थडग्यावर २०१४ पर्यंत दगडही नव्हता.

या साऱ्यात एक नाव मुद्दाम शेवटी ठेवले आहे. बड फाउलर. काळ्या व्यावसायिक खेळाडूंत पहिला म्हणून व्हाइट त्याचेच नाव घेतो. साल तो १८७२ देतो, आजच्या संशोधनाने ते १८७८ ठरते. हा फाउलर १८५८ साली फोर्ट प्लेनमध्ये जन्मला आणि वाढला कूपर्सटाउनमध्ये. स्पाल्डिंगला आणि त्याच्या आयोगाला कूपर्सटाउनचा बेसबॉलपुरुष हवाच होता, तर तो त्या वेळी जिवंत होता. १९१३ साली तो गरिबीत वारला. कीर्तिमंदिरात त्याला २०२२ साली घेतले. डबलडेला तिथे आणण्यासाठी एक आयोग लागला, फाउलरला नुसते विचारले असते तरी पुरले असते.

७

हिशेब अजून पुरा झालेला नाही. १९२० ते १९४८ या काळातल्या काळ्यांच्या लीगना मुख्य लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये देण्यात आला आणि २०२४ साली त्यांचे आकडे मुख्य नोंदींत मिसळले. त्यामुळे फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉबच्या वर जॉश गिब्सन आला. पण ही रेघ १९२० पासून आहे. व्हाइटचे फिलाडेल्फिया जायंट्स तिच्या अलीकडे राहिले. त्यांची मुख्य नोंद अजूनही ते १२८ पानांचे पुस्तकच.

यातून मराठी वाचकाने काय घ्यावे? स्पाल्डिंगचा ग्रंथ निघाला त्याच १९११ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला होता. त्यात सर्वाधिक चमकला तो आपल्या धारवाडात जन्मलेला पाळवणकर बाळू. दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात याच बाळूला सामन्याच्या मध्यंतरात मातीच्या भांड्यातून बाहेर चहा दिला जाई, कारण तो चांभार होता. हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाले. रामचंद्र गुहांनी २००२ साली इंग्रजीत ही कहाणी सविस्तर मांडली, तेव्हा ती पुष्कळांना नवी वाटली. पण तिचा एक मोठा आधार मराठीच होता. विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ सालीच लिहून ठेवले होते.

आपण आत्मचरित्रांची चर्चा पुष्कळ केली. नटांची, कवींची, पुढाऱ्यांची आणि पुढे दलित आत्मकथनांची. खेळाडूंची पुस्तके मात्र शैली नाही म्हणून किंवा विषय हलका म्हणून आपल्या टीकेच्या कक्षेबाहेर राहिली. व्हाइटचे पुस्तकही असेच नव्वद वर्षे बाहेर राहिले होते, आणि तेवढा काळ स्पाल्डिंगचा सेनानी एकटाच मैदानात उभा होता. विठ्ठलच्या पुस्तकाची प्रत आपल्या सार्वजनिक वाचनालयांपैकी कोणाच्या कपाटात आहे, हे पाहण्यापासून आपल्याला सुरुवात करता येईल.